कीबोर्डवरून हात न उचलता: पायथनच्या डॉक्युमेंटेशनसाठी स्वतःचा वेगवान दर्शक

जुलै २०२१ च्या पुरात शिरोलीजवळ महामार्गावर पाणी आले, तेव्हा कोल्हापूरच्या राजारामपुरीतील आमच्या लहानशा कार्यालयात वीज होती आणि संगणकही चालू होते. इंटरनेट तेवढे नव्हते, आणि पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेतील एखाद्या फंक्शनला कोणते आर्ग्युमेंट (त्याला पुरवायचे मूल्य) आधी द्यायचे एवढ्याशा शंकेपायी काम अडून बसत होते. डॉक्युमेंटेशन, म्हणजे भाषेची माहितीपुस्तिका, स्वतःच्या डिस्कवर असले पाहिजे, हे तेव्हा पटले. लिनक्स व विंडोजवर झील आणि मॅकवर डॅश हे तयार प्रोग्रॅम ही गरज भागवतात, आणि त्यांनी समाधान होत असेल तर वेगळा खटाटोप करू नये. मला मात्र शोधनिकालांचा क्रम आणि कळांची योजना माझ्या सवयीची हवी होती, म्हणून पायसाइड ६ (पायथनमधून खिडक्या-बटणांचे प्रोग्रॅम लिहिण्याचे साधन) वापरून जो दर्शक बांधला, त्याची रीत येथे देत आहे.

प्रथम पायथनच्या अधिकृत संकेतस्थळावरून डॉक्युमेंटेशनचा एचटीएमएल संच उतरवून घ्यावा. सूची तयार करण्यासाठी त्यातील प्रत्येक पान उघडून मथळे वेचत बसण्याची गरज नाही, कारण ही पाने ज्याने बनवली जातात ते स्फिंक्स हे साधन पाने तयार करतानाच 'ऑब्जेक्ट्स डॉट इन्व्ह' नावाची फाइल सोबत ठेवते. तिच्या पहिल्या चार ओळी साध्या मजकुराच्या असतात आणि उरलेला भाग झेडलिब या संक्षेपन-लायब्ररीने दाबलेला असतो. तो उलगडला की प्रत्येक ओळीत नाव, प्रकार, प्राधान्यक्रमांक, पानाचा पत्ता आणि दाखवायचे नाव अशी पाच अंगे मिळतात. पत्त्याच्या शेवटी डॉलरचे चिन्ह असल्यास त्या जागी नाव घालायचे आणि दाखवायच्या नावाऐवजी आडवी रेघ असल्यास मूळ नावच वापरायचे. ओळ थेट रिकाम्या जागांवर तोडू नये. काही नावांतच रिकामी जागा असते, तेव्हा रेग्युलर एक्स्प्रेशन (मजकुराचा साचा सांगणारे सूत्र) लिहिणे बरे. नाव, प्रकार आणि पत्ता एस्क्यूलाइट या एकाच फाइलीत मावणाऱ्या डेटाबेसच्या एका तक्त्यात साठवले की सूची झाली.

दर्शक सुरू होताच हा संपूर्ण तक्ता स्मृतीत घ्यावा. नोंदी दहा हजारांहून अधिक असल्या तरी आजच्या संगणकाला एवढी नावे ओळीने तपासणे जड जात नाही, त्यामुळे या टप्प्यावर गुंतागुंतीची रचना उभारण्यात मला हशील दिसत नाही. सारी बुद्धी क्रम लावण्यात खर्च करावी. 'जॉइन' एवढेच टंकले असता वापरणाऱ्याला बहुधा स्ट्रिंगची (मजकुराची) किंवा फाइलींचे पत्ते हाताळणाऱ्या ओएस.पाथमधील पद्धत हवी असते. म्हणून तंतोतंत जुळणारे नाव आधी, मग शेवटच्या टिंबानंतरचा भाग जुळणारे, मग आरंभ जुळणारे आणि शेवटी मध्येच कोठेतरी जुळणारे, असा क्रम ठेवावा आणि बरोबरी झाल्यास आखूड नावाला वर जागा द्यावी. यापूर्वी किती वेळा उघडले, ही संख्याही जमेस धरली की दर्शक आपल्या हाताला बसतो.

संपूर्ण मजकुरात शोधायचे असल्यास एस्क्यूलाइटचे एफटीएस५ हे मजकूर-शोधाचे अंग वापरता येते, पण त्याचा मूळ टोकनायझर (मजकुराचे शब्द पाडणारा भाग) अंडरस्कोअरला शब्दाची सीमा समजतो, त्यामुळे '__इनिट__' शोधले तरी तो नुसते 'इनिट' शोधत राहतो. कोणती चिन्हे शब्दाचाच भाग मानायची हे सांगणाऱ्या टोकनकॅर्स या पर्यायात अंडरस्कोअरची भर घातली की ही अडचण मिटते. हा शोध वेगळ्या कळीवर ठेवावा. नावांच्या यादीत त्याची भेसळ केली की यादी गढूळ होते.

प्रतिसाद ०.१ सेकंदाच्या आत आला तर माणसाला तो तत्काळ वाटतो, हा संकेत पाळायचा, तर खरा अडथळा शोधाचा नसून पान रंगवण्याचा असतो. यासाठी पायसाइडमधील क्यूटी वेबएंजिन या ब्राउझर-घटकाचा एकच दृश्यफलक आरंभीच तयार करून ठेवावा आणि खिडकी बंद करण्याऐवजी लपवावी. प्रत्येक अक्षरागणिक यादी बदलावी, परंतु पान मात्र बोटे क्षणभर थांबल्यावरच उघडावे. संचातील पाने बाहेरून काही मागवू पाहतील, तर विनंती-रोधक (पानाच्या मागण्या वाटेत अडवणारा कोड) बसवून नेटवर्ककडे जाणारी प्रत्येक मागणी नाकारावी, नाहीतर इंटरनेट नसताना पान ताटकळण्याची शक्यता राहते.

कळांबाबत माझे मत ठाम आहे: फोकस, म्हणजे टंकलेले जेथे जाते ती जागा, कायम शोधपेटीतच असावा. वेबएंजिनकडे एकदा फोकस गेला की कळा त्याच्या आतल्या विजेटकडे (खिडकीतील घटकाकडे) जातात आणि आपल्या खिडकीपर्यंत येत नाहीत. म्हणून वर-खाली बाणांनी यादीत फिरावे आणि पेज अप, पेज डाउन या कळा शोधपेटीतच पकडून जावास्क्रिप्टद्वारे पान सरकवावे. एस्केपने आधी पेटी रिकामी व्हावी, ती रिकामी असल्यास खिडकी लपावी. कोठूनही खिडकी बोलावण्यासाठी वेलँड या लिनक्सच्या पडदा-व्यवस्थेवर प्रोग्रॅमला स्वतः कळ बळकावता येत नाही. तेथे डेस्कटॉपच्या सेटिंग्जमध्ये कळीला एक छोटी आज्ञा जोडावी, जी स्थानिक सॉकेटवरून (एकाच संगणकावरील दोन प्रोग्रॅममधल्या दुव्यावरून) चालू असलेल्या दर्शकाला निरोप देईल.

एक खोड मात्र आपल्याकडेच भेटते. मराठीत पत्र लिहून झाल्यावर कीबोर्ड इनस्क्रिप्ट या देवनागरी कळरचनेवरच राहतो आणि 'जॉइन' टंकायला जावे तर पेटीत 'रदगल' उमटते. इनस्क्रिप्टमध्ये इंग्रजी छोट्या अक्षरांच्या सव्वीसही कळांवर एकेकच चिन्ह असल्यामुळे उलट तक्ता करणे सोपे आहे: शोधपेटीत देवनागरी आढळताच तिचे रोमन रूप करून शोध चालवावा. शिफ्टसह येणाऱ्या चिन्हांतील जोडाक्षरे मात्र एका कळीतून दोन-तीन संकेतांक (अक्षरांचे युनिकोड क्रमांक) देतात, म्हणून त्यांचा तक्ता निराळा ठेवून आधी लांब जुळणी तपासावी.