ठासणीच्या रिव्हॉल्व्हरने खार आणि सशाची शिकार, पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी

कोकणात आजोळ असलेल्या माणसाला ठासणीची बंदूक माहीत असते, निदान ऐकून तरी. नळीत दारू ओतायची, वरून चिंध्या ठासायच्या, छर्रे टाकायचे, मागे निपलवर (बारीक भोकाच्या टोकावर) केप, म्हणजे ठिणगी पाडणारी इवलीशी टोपी बसवायची आणि ठो. आमच्याकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची अशी एक होती, वानरं आणि डुकरं पळवायला. त्यामुळे इथे अमेरिकेत मिसुरीमध्ये आल्यावर जेव्हा कळलं की हाच प्रकार रिव्हॉल्व्हरमध्ये पण असतो आणि लोक त्याने अजून खारी आणि ससे मारतात, तेव्हा मला ते परकं वाटलंच नाही, उलट हसू आलं की अरे ही तर आपलीच केपाची बंदूक, फक्त सहा घरांची.

कायदा, कंटाळवाणा पण आधी

भारतात वाचत असाल तर हे फक्त वाचायचं. १९७२च्या वन्यजीव कायद्याने आपल्याकडे सशाचीही शिकार बंद आहे आणि ठासणीची बंदूक जुनाट असली तरी परवाना लागतोच. अमेरिकेत काळ्या दारूचं रिव्हॉल्व्हर १९६८च्या गन कंट्रोल अ‍ॅक्टप्रमाणे अँटिक धरतात, म्हणजे फेडरल व्याख्येत ते फायरआर्म नाही, पण राज्यांचे कायदे वेगळे असतात आणि काही ठिकाणी ते साध्या पिस्तुलासारखंच मोजतात. एच-१बीवर असाल तर जास्त सांभाळून, कारण नॉन-इमिग्रंट व्हिसावाल्यांना फेडरल कायदा बंदूक बाळगू देत नाही (हंटिंग लायसन्सचा अपवाद आहे), तेव्हा मित्राच्या सांगण्यावर जाऊ नका, वकिलाला विचारा.

मिसुरीत खारीचा सीझन मेच्या चौथ्या शनिवारी सुरू होतो आणि १५ फेब्रुवारीला संपतो, दिवसाला १० खारी. ससे १ ऑक्टोबर ते १५ फेब्रुवारी, दिवसाला ६. १ जानेवारी १९६७ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना हंटर एज्युकेशनचा कोर्स करावा लागतो. नोव्हेंबरच्या हरणाच्या सीझनमध्ये नियम बदलतात, केशरी जाकीट लागतं, म्हणून त्या वर्षीचं नियमांचं पुस्तक बघूनच निघा. दुसऱ्या राज्यात असाल तर मुळात रिव्हॉल्व्हरने छोटी शिकार चालते का इथपासून तपासा.

कुठलं घ्यायचं

.३६ की .४४ (नळीचं माप, साधारण इंचात) यावर लोक तासन् तास भांडतात. माझं मत साधं आहे, खारीला .३६ पुष्कळ. कोल्टच्या १८५१ नेव्हीची इटालियन नक्कल घ्या, उबर्टी किंवा पिएट्टाची. तिची शिशाची गोळी साधारण ८० ग्रेन, म्हणजे ५ ग्रॅमच्या थोडी वर. .४४ची गोळी १४० ग्रेनच्या आसपास जाते आणि खारीसारख्या मूठभर जनावराला ती लागली की खायला शेपूटच उरते. रेमिंग्टनच्या नकलेला वरून फ्रेमची पट्टी असते, ती दणकट आणि तिची मागची साईट (नेम धरायची खाच) फ्रेममध्येच कोरलेली, नवशिक्याला ते सोपं जातं. कोल्टला मागची साईट म्हणजे चक्क घोड्यावरची (केपेवर आपटणाऱ्या हातोडीवरची) खाच, आणि ती घोडा पूर्ण ओढल्यावरच दिसते. तरी मी कोल्टच वापरतो, हातात बसतो तो.

भरायचं कसं

इथे घाई नको. सिगारेट नको, मोबाईल नको, गप्पा नकोत.

आधी सिलेंडरच्या (फिरणाऱ्या गोल भागाच्या) घरांमधलं तेल फडक्याने पुसून काढा. मग रिकाम्या निपलांवर केपा लावून सहाही उडवा, नळी गवताच्या पात्याकडे धरून. पातं हललं तर वाट मोकळी. हे मी पहिल्या वेळी केलं नव्हतं, तेलाने दारू भिजली, आणि १० पावलांवर बसलेल्या खारीसमोर नुसतं टिक, टिक, टिक. ती बराच वेळ माझ्याकडे बघत बसली होती.

घोडा अर्ध्यावर आणा म्हणजे सिलेंडर मोकळा फिरतो. दारू कायम काळी दारूच, तीन एफ जाडीची (बारीक दाण्यांची), किंवा त्या जागी वापरायची म्हणून विकतात ती पायरोडेक्स पी. आधुनिक काडतुसातली बिनधुराची दारू चिमूटभरसुद्धा नाही, बंदूक फुटेल आणि बोटं जातील. माप वजनाने नाही, आकारमानाने, आणि डब्यातून थेट सिलेंडरमध्ये न ओतता आधी छोट्या मापात घ्यायची, कारण आत ठिणगी राहिली असेल तर अख्खा डबा हातात पेटायला नको. .३६ला छोट्या शिकारीसाठी १५ ते २० ग्रेन बास.

आता एवढी कमी दारू घातली की गोळी घरात खूप खोल जाते आणि नेम बिघडतो, म्हणून मधे भर घालतात. अमेरिकन लोक मक्याचं पीठ नाहीतर क्रीम ऑफ व्हीट टाकतात. क्रीम ऑफ व्हीट म्हणजे काय हो, आपला रवाच की! मी इंडियन स्टोअरचा बारीक रवा वापरतो, १० ग्रेनच्या मापाने. मुद्दा एवढाच की दारू, रवा आणि गोळी यांच्यात हवा राहता कामा नये, गोळी पक्की दाबून बसलीच पाहिजे, मधे पोकळी राहिली तर दाब वेडावाकडा वाढू शकतो.

गोळी .३७५ किंवा .३८० इंचाची, म्हणजे घरापेक्षा किंचित मोठी. ती तोंडावर ठेवून सिलेंडर फिरवून नळीखालच्या ठासायच्या दांड्याखाली आणायची आणि दांडा दाबायचा, कडेने शिशाची बारीक कडी तासून निघाली की समजायचं बसली. कडी निघाली नाही तर गोळी लहान आहे, ती सैल राहणार आणि शेजारच्या बाराच्या धक्क्याने पुढे सरकणार. शिवाय सैल गोळीच्या कडेने ठिणगी आत शिरली तर शेजारचं घर आपोआप उडतं, याला चेन फायर म्हणतात. म्हणून घट्ट गोळी, गोळीखाली तेलकट लोकरीची चकती किंवा गोळीवर चरबी, आणि मागे निपलवर घट्ट बसणाऱ्या केपा. चरबी म्हणून मेण आणि टॅलो (जनावराची चरबी), नाहीतर नुसतं क्रिस्को (आपल्या डालडासारखं) पण चालतं, पण मिसुरीच्या उन्हाळ्यात क्रिस्को वितळून होल्स्टरभर होतं. मी चकत्यांवर आलो.

पाचच घरं भरा. घोडा सहाव्या रिकाम्या घरावर उतरवून ठेवायचा. केपा सगळ्यात शेवटी, जंगलात पोचल्यावर, नळी सुरक्षित दिशेला धरून. सैल वाटल्या तर बोटाने किंचित चिमटून बसवा.

नेमाची प्रॅक्टिस

या बंदुका जवळच्या अंतरावर वर मारतात. माझी १५ यार्डावर चार बोटं वर मारते, म्हणून मी खारीच्या खाली नेम धरतो, काही लोक पुढची साईट उंच बसवून घेतात. तुमची किती वर मारते ते कागदाच्या प्लेटवरच कळेल, दुसऱ्याचा आकडा उपयोगाचा नाही.

आमच्याच राज्यात, स्प्रिंगफील्डच्या चौकात, २१ जुलै १८६५ला वाइल्ड बिल हिकॉक या गाजलेल्या बंदूकबाजाने समोरासमोरच्या लढतीत डेव्ह टटला साधारण ७५ यार्डांवरून एका गोळीत पाडलं होतं, आणि तो नेव्ही कोल्टवालाच. ही गोष्ट ऐकून प्रत्येक नवशिक्या ४० यार्डावर गोळ्या घालतो. टट माणूस होता हो, खार नव्हता. चहाच्या कपाच्या तोंडाएवढ्या गोलात पाचपैकी पाच गोळ्या ज्या अंतरावर पडतात ते तुमचं अंतर, त्याच्या पुढे घोडा ओढायचाच नाही. माझं १५ यार्ड आहे, दोन वर्षांनी सुद्धा. बसून, कोपर गुडघ्यावर टेकवून, नाहीतर झाडाला टेकून.

कानात प्लग घाला, डोळ्याला चष्मा. आणि दुसऱ्या हाताची बोटं सिलेंडरच्या पुढे कधीच न्यायची नाहीत, सिलेंडर आणि नळीच्या फटीतून आग बाहेर येते.

जंगलात

खारीसाठी पहाटे हिकरी किंवा व्हाइट ओकच्या झाडाखाली जाऊन बसा. मार्क ट्वेन नॅशनल फॉरेस्टमध्ये अशी झाडं पुष्कळ. पहिली २० मिनिटं काहीच होत नाही, मग वरून फोलपटांचे तुकडे टपटप पडायला लागतात, कुरतडण्याचा आवाज येतो. तुम्हाला बघितलं की खार खोडाच्या पलीकडे सरकते, तुम्ही फिरलात की ती पण फिरते. दोघं असाल तर एकाने बसायचं, दुसऱ्याने पलीकडून हळू चालायचं. एकटे असाल तर पलीकडे एक काटकी फेकून बघा, कधी कधी फसते.

फांदीवर, मागे नुसतं आभाळ असलेल्या खारीवर गोळी झाडायची नाही. छर्रे थोड्या अंतरात दम तोडतात, ही गोळी चुकली तर कितीतरी लांब जाऊन पडते. खार जाड खोडाला चिकटलेली किंवा जमिनीवर असेल आणि मागे माती असेल तरच. यामुळे दहातल्या सात संधी जातात. जाऊ देत.

सशासाठी उलट, झुडपांच्या ढिगाजवळून चार पावलं चाला, थांबा, पुन्हा चार पावलं. थांबलात की तो अस्वस्थ होतो. ससा शोधू नका, गवतात काळा चकचकीत डोळा शोधा. बसलेल्यावरच मारा, पळणाऱ्या सशावर रिव्हॉल्व्हर चालवणं म्हणजे नुसता धूर.

आणि धूर खरंच इतका होतो की लागलं का नाही ते दोन सेकंद कळत नाही. दुसऱ्या बारासाठी घोडा ओढताना नळी वर करून ओढा म्हणजे फुटलेल्या केपेचे तुकडे यंत्रात न पडता मागे गळून पडतात. टिक होऊन बार उडाला नाही तर मिनिटभर नळी समोरच धरून ठेवा, कधी उशिरा उडतो. कोरडा पाला असेल तर पुढे जाऊन धुमसती चकती पडली नाही ना ते पायाने विझवून बघा.

घरी आल्यावर

उरलेली घरं जंगलातच मातीच्या उतारावर उडवून या, भरलेली बंदूक घरात नको. सशाला टुलरेमिया (माणसालाही लागणारा आजार) असू शकतो, म्हणून सोलताना हातमोजे घाला, यकृतावर (कलेजीवर) पांढरे ठिपके दिसले तर तो ससा टाकून द्या, मांस पूर्ण शिजवा. उन्हाळ्यातल्या खारीच्या कातड्याखाली कधी कधी माशीच्या अळ्या असतात, बघून किळस येते पण मांस खराब नसतं. म्हातारी खार चिवट, तिला आधी कुकरमध्ये मऊ करून घ्या आणि मग काळ्या मसाल्याचा रस्सा. घरात वास राहतो, खिडक्या उघडा.

पण रश्श्याच्या आधी बंदूक, त्याच रात्री. दारूची राख ओल धरते, सकाळपर्यंत गंज चढतो. कोल्टची पाचर ठोकून काढा, नळी आणि सिलेंडर वेगळे करा, निपलं पान्याने काढा, सगळं गरम पाण्यात भांडी घासायचा साबण घालून ब्रशने धुवा. सडक्या अंड्यासारखा वास येईल, गंधकाचा. आमच्याकडे हे काम बाहेर अंगणात बादलीत होतं, किचन सिंकमध्ये एकदा केलं होतं, पुन्हा परवानगी मिळाली नाही. कोरडं करून तेलाचा हात फिरवा, आणि दुसऱ्या दिवशी नळीतून पांढरं फडकं घालून बघा. तपकिरी आलं तर पुन्हा बादली.