डिस्कस माशांच्या टँकमध्ये रेती आणि झाडं टाकायची आहेत? मग आधी एवढं जमवा

दसरा ते दिवाळी हे दिवस नागपुरात या कामासाठी सगळ्यात चांगले, पण दसऱ्याला काम काढायचं तर तयारी पोळ्यापासूनच धरावी लागते, म्हणून आत्ताच लिहून ठेवतो. महिना लागतो बाप्पा, पुरा महिना, आणि तो सगळा बाहेर टबात, बादल्यांत आणि घमेल्यात जातो, टँकमध्ये हात घालायचा दिवस एकच. उन्हाळ्यात तर हे काम काढूच नका. २०१३ च्या मे मध्ये आपल्याकडे पारा ४७.९ वर गेला होता, तेवढा नाही गेला तरी ४५ ठरलेलाच, कुलर लावलेल्या खोलीतसुद्धा टँकचं पाणी ३२-३३ च्या खाली येत नाही, आणि गरम पाण्यात ऑक्सिजन मुळातच कमी राहतो, त्यात तळ ढवळला किंवा चार पानं सडली की मासे वर येऊन धापा टाकतात. भर थंडीतही नको, कारण रात्री बाहेर ८-१० डिग्री असताना दीड-दोनशे लिटर पाणी २८ वर आणून ठेवायचं म्हणजे सगळं घर त्यातच अडकतं.

सगळ्यात आधी मासे पाहा. मासा साडेचार-पाच इंचाच्या खाली असेल तर रेती टाकायचा विचार सोडून द्या, त्याला बिनरेतीच्या टँकमध्येच वाढू द्या, कारण वाढत्या डिस्कसला दिवसातून चार-पाच वेळा खायला लागतं, तेवढं खाणं रेतीत गेलं की तळ सडतो आणि उघड्या काचेसारखा तो पुसून काढता येत नाही. मोठे मासे असतील तर गेल्या महिन्याभरात नवा मासा आणलेला नसावा, औषध चालू नसावं, विष्ठा पांढरी दोऱ्यासारखी नसावी, आणि तुम्ही जवळ गेलात की त्यांनी काचेपाशी यायला हवं. पळत असतील तर आधी ते बरं करा, झाडं कुठं जात नाहीत.

मग पाणी. अमोनिया आणि नायट्राइट शून्य, नायट्रेट २० पीपीएमच्या आत, आणि हे एकदा पाहून नाही तर तीन आठवडे दर रविवारी पाहून वहीत लिहायचं. तुमच्याकडे पेंच धरणाचं पाणी येतं की कन्हान नदीचं की घरचा बोर आहे हे माहीत असू द्या, कारण बोरचं पाणी बहुतेक ठिकाणी जड, म्हणजे क्षारांचं, निघतं आणि नळ नसला त्या दिवशी घाईत बोरचं भरलं तर पीएच एका रात्रीत उडी मारतो. टँकमध्ये रेती टाकायच्या दिवसासाठी दोनशे लिटरचा ड्रम नळाच्याच पाण्याने आदल्या दिवशी भरून, एअर स्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) टाकून ठेवा, म्हणजे क्लोरीन उडून जातो. पावसाळ्यात पाण्याला वास जास्त येतो तेव्हा हायपोसुद्धा (क्लोरीन मारणारं सोडियम थायोसल्फेट) टाकावा. हे दसऱ्याच्या आसपासचं सांगतोय, तेव्हाही तो वास कधी कधी राहतोच.

आता रेती, आणि इथं मी जरा लांबण लावणार, कारण जास्तीत जास्त चुका इथंच होतात. डिस्कसला रेती आवडते, तो तोंडाने पाण्याची फुंकर मारतो, रेतीत वाटीएवढा खड्डा पडतो आणि त्यातून निघालेला किडा तो उचलतो, म्हणून दाणा साखरेएवढाच हवा, टोकदार गिट्टी नको आणि रंगवलेले दगड तर नकोच. आपल्याकडे कन्हानची रेती मिळते, घरकाम चालू असलेल्या ठिकाणी मागितली तर दोन-तीन घमेली कुणीही देतं. माझा टँक चार फूट लांब, दीड फूट रुंद, त्यात एक इंच थर द्यायला साधारण २२-२३ किलो लागते, पण चाळून निम्मी वाया जाते म्हणून ५० किलो धरा. दोन चाळण्या वापरायच्या, मोठ्या भोकाच्या चाळणीतून खडे आणि शिंपले काढायचे, मग बारीक चाळणीतून भुकटी खाली पाडायची आणि मधली रेती ठेवायची. शिंपल्याचे तुकडे हाताने निवडा, कंटाळा करू नका, त्यात चुना असतो. एका वाटीत मूठभर रेती घेऊन बाहेर अंगणात, हातमोजे घालून बाथरूमच्या ॲसिडचे चार थेंब टाका, फसफसली तर रेतीत चुना आहे, पाणी जड होणार, ती रेती आपल्या कामाची नाही. संगमरवराचे तुकडे आणि पोवळ्याची पांढरी रेती याच कारणाने डिस्कसला चालत नाही.

धुवायचं कसं तर घमेल्यात अर्धी रेती, वर पाण्याची धार, आणि हात कोपरापर्यंत घालून तळापासून वर उलथायचं. पहिलं पाणी ताकासारखं, दुसरं तसंच, चौथ्या-पाचव्याला धुरकट, आणि दहाव्या-बाराव्याला घमेल्यातली रेती पाण्याखाली स्पष्ट दिसायला लागते, उन्हात तिच्यात बारीक चकाकी मारते. तरी थांबायचं नाही. काचेच्या ग्लासात मूठभर रेती आणि पाणी घालून चमच्याने ढवळा, मिनिटाभरात पाणी काचेसारखं झालं तर धुवून झाली, नाही झालं तर अजून चार पाणी. मग चवाळ्यावर पसरून गच्चीवर दोन दिवस उन्हात. थर एक इंच, फार तर दीड, जास्त नाही. जाड थरात खाली हवा पोचत नाही, रेती काळी पडते आणि तिथून सडक्या अंड्यासारखा वास येतो, तो वायू माशांना घातक असतो.

कुणी म्हणेल एवढ्या बारीक रेतीत झाडं जगणार कशी, तर त्यासाठी अ‍ॅक्वासॉइल, म्हणजे झाडांसाठी विकतात ती खताची दाणेदार माती, नको. हे मी पुस्तकी नाही सांगत. चार वर्षांपूर्वी एका दुकानात मला सांगितलं की सॉइल आजच टाका, मासे आजच सोडा, काही होत नाही, आणि मी ऐकलं. बरीचशी नवी सॉइल पहिले काही आठवडे अमोनिया सोडते, पाणी जितकं गरम आणि पीएच जितका वर तितका तो जास्त विषारी, आणि डिस्कसचं पाणी तर गरमच असतं. तिसऱ्या दिवशी सहाही मासे काळे पडून, पंख मिटून एका कोपऱ्यात उभे होते, रोज निम्मं पाणी बदललं तरी दोन गेले. माझ्या हातून खाणारे मासे होते ते. सॉइल वापरायचीच असेल तर रिकाम्या टँकमध्ये महिनाभर पाणी बदलत अमोनिया शून्य होईपर्यंत चालवा, मासे मग.

त्यापेक्षा कुंभाराकडून पाच-सहा इंची मातीच्या कुंड्या आणा, रंग न लावलेल्या, दोन दिवस पाण्यात भिजवा. कुंडीत आपलीच धुतलेली रेती भरायची, मुळांपाशी खोल एक रूट टॅब (मुळांसाठीची खताची गोळी) दाबायची, आणि ॲमेझॉन सोर्ड हे झाड त्यात लावायचं, कारण त्याची मुळं दांडगी असतात, एक इंच थरात ती मावत नाहीत. कुंडीचं बूड रेतीत बसवलं, पुढे लाकडाचा तुकडा टेकवला की दिसतही नाही. उद्या मासा आजारी पडला तर कुंड्या उचलून बाहेर ठेवता येतात आणि टँकमध्ये औषध टाकता येतं, डिस्कस पाळणाऱ्याला ही सोय फार मोठी आहे.

झाडं निवडताना एकच प्रश्न विचारा, २८-२९ डिग्रीत टिकेल का. अनुबियास, जावा फर्न, ॲमेझॉन सोर्ड, क्रिप्टोकोरायन वेंडटी, व्हॅलिसनेरिया, बस, पहिल्या वर्षी एवढीच. गालिच्यासारखी पसरणारी आणि लाल पानांची नाजूक झाडं भारी उजेड आणि कार्बन डायऑक्साइड मागतात, आणि डिस्कस भारी उजेडाला बिचकतो, गॅसचं प्रमाण जरा चुकलं तर रात्री श्वास कोंडतो. अनुबियास आणि जावा फर्नचं आडवं खोड रेतीत पुरायचं नाही, सडतं, ते लाकडाला काळ्या सुती दोऱ्याने बांधायचं किंवा फेवीक्विकचा थेंब लावून चिकटवायचं. क्रिप्टो लावल्यावर आठवड्यात सगळी पानं जेलीसारखी वितळू शकतात, घाबरून उपटू नका, पानं काढून टाका आणि मूळ तसंच ठेवा, नवी पानं येतात. मनी प्लांटची चार कांडं मुळं पाण्यात आणि पानं बाहेर अशी मागच्या कोपऱ्यात लावा, नायट्रेट ओढायला त्याच्यासारखं दुसरं नाही.

फुटाळा, अंबाझरी किंवा कुठल्याही तलावातून झाडं आणायची नाहीत, फुकट मिळाली तरी नाही. दुकानातून आणलेलीसुद्धा थेट टँकमध्ये जात नाहीत. आणल्याबरोबर मुळांभोवतीचा स्पंज, लोकर, शिशाची पट्टी काढून टाका, मुळं धुवा, मग एक लिटर पाण्यात एक छोटा चमचा तुरटी विरघळवून त्यात दोन-तीन तास ठेवा, गोगलगाई मरतात. त्यांची अंडी मात्र पानाखाली जेलीच्या ठिपक्यासारखी चिकटलेली असतात, ती नखाने खरवडा, भिंग घेऊन बसा हवं तर. ब्लीच वापरतात लोक, पण व्हॅलिसनेरिया त्यात जळून जातं. धुतल्यावर झाडं व्हरांड्यात सावलीच्या टबात तीन आठवडे, त्यात एकही मासा नाही, म्हणजे माशांवर जगणारे परजीवी उपाशी मरतात. टबावर मच्छरदाणीचा तुकडा बांधा आणि तीन दिवसांनी पाणी बदला, पोळा ते दसरा हे डेंगूचे दिवस असतात, घरात लेकरं असतात. याच तीन आठवड्यांत हवेत वाढवलेली पानं गळतात आणि पाण्यातली नवी फुटतात, ती घाण टबातच राहिली तर बरं ना.

लाकूडही याच काळात भिजत घाला. जंगली डिस्कस ॲमेझॉनच्या संथ पाण्यात राहतो, पण दाट झाडोऱ्यात नाही, तर बुडालेल्या फांद्यांच्या आणि मुळांच्या जाळ्यात, म्हणून माझ्या मते लाकूड आधी आणि झाडं नंतर. मोठ्या गंजात, म्हणजे पातेल्यात, उकळता आलं तर उत्तम, नाही तर तीन-चार आठवडे ड्रममध्ये, पाणी चहासारखं होत राहील, ते बदलत राहा. आपल्याकडे रस्त्याच्या कडेला जे देशी बदामाचं झाड असतं त्याची लाल होऊन गळलेली पानं वेचून, धुवून, सुकवून ठेवा, दोन-तीन पानं टँकमध्ये सोडली की पाण्याला हलका रंग येतो आणि मासे निवांत होतात. फवारणी केलेल्या बागेतली घेऊ नका.

सामानात अजून थोडंच. फिल्टरच्या तोंडाला स्पंज, आणि ते तोंड तळापासून चार इंच वर, नाही तर बारीक रेती इम्पेलर, म्हणजे फिल्टरमधला पाणी ढकलणारा पंखा, खाऊन टाकते. लाइटला टायमर. दोन इंची पीव्हीसी पाइपचा टँकच्या उंचीचा तुकडा आणि नरसाळं. बॅटरीवरचा एअर पंप, लाइन कधी जाईल सांगता येत नाही. शंभर लिटरचा स्वच्छ टब, कधीही साबण न लागलेला. आणि तापमान ३० वर ठेवत असाल तर रोज अर्धा डिग्री असं करत आधीच २८ वर आणून ठेवा.

रेती टाकायची त्या दिवशी सकाळी माशांना खायला द्यायचं नाही. हीटर पंधरा मिनिटं आधी बंद करा, मगच पाणी काढा, तापलेला हीटर उघडा पडला की काच तडकते. टँकचंच पाणी टबात घ्या, स्पंज फिल्टर चालू ठेवूनच तिकडे न्या, मासे जाळीऐवजी प्लास्टिकच्या डब्याने उचला म्हणजे पाठीचे काटे अडकत नाहीत, आणि टबावर जाड कापड टाका. आधी लाकूड, मग कुंड्या, मग पाइप तळापर्यंत धरून नरसाळ्यातून ओली रेती, थोडी थोडी, पाइप सरकवत. रेती लाकडाच्या आधी टाकली तर लाकूड पुढे कधी तरी सरकतं आणि काचेवर येतं. पाणी भरताना तळाला एक ताटली ठेवून त्यावर बारीक धार सोडा. त्या आठवड्यात फिल्टर धुवायचा नाही, काही झालं तरी नाही, तुमचे सगळे कामाचे बॅक्टेरिया त्यातच आहेत.

दोन-तीन तासांत पाणी निवळलं आणि तापमान जुळलं की मासे सोडा, पण त्या दिवशी टँकचा लाइट लावू नका. दुसऱ्या दिवसापासून सहा तास, आणि आधी खोलीचा दिवा, पंधरा मिनिटांनी टँकचा, एकदम उजेड पडला की डिस्कस काचेवर आदळतो. खाणं पहिला आठवडा निम्मं, पंधरा मिनिटांत उरलेलं उचलायचं, सायफनचं तोंड रेतीपासून अर्धा इंच वर गोल फिरवत, म्हणजे घाण उडते आणि रेती खाली राहते. अमोनिया रोज पाहा, दहा दिवस. ०.२५ दिसला तरी लगेच ३० टक्के पाणी बदला. काचेवर हिरवट थर यायला लागला तर लाइट तासभर कमी करा, आणि तीन-चार आठवड्यांनी सोर्डला नवं पान उघडलेलं दिसलं की मग सहाचे सात तास करा, आणि दुसरी रूट टॅब तिसऱ्या महिन्यात.