द्विनेत्रीतून व्हेस्टा लघुग्रह कसा ओळखावा

रात्रीची निवड चुकली तर पुढचे सर्व श्रम वाया जातात. व्हेस्टा सूर्यापासून सरासरी २.३६ खगोलीय एकक (एक एकक म्हणजे पृथ्वी-सूर्य सरासरी अंतर) अंतरावर राहून ३.६३ वर्षांत एक प्रदक्षिणा करतो आणि साधारण साडेसोळा महिन्यांनी प्रतियुतीत, म्हणजे पृथ्वीवरून पाहता सूर्याच्या बरोबर विरुद्ध दिशेला, येतो. त्या सुमारास त्याची प्रत (तेजस्वितेचे माप; आकडा जितका मोठा तितका ठिपका अंधुक) सहाच्या आसपास असते. निरीक्षण तेव्हाच करावे.

आठव्या प्रतीपर्यंतचे तारे दाखवणारा नकाशा छापून घ्यावा. तो संगणकावर तयार करण्याआधी लघुग्रहाचे कक्षाघटक (कक्षेचा आकार व स्थिती सांगणारे आकडे) अद्ययावत करावेत, कारण ग्रहांच्या, विशेषतः गुरूच्या, ओढीमुळे ते बदलत राहतात. ७×५० किंवा १०×५० द्विनेत्री पुरते, मात्र ती तिकाटण्यावर बसवावी.

खरा कस लागतो तो अनेक ठिपक्यांतून नेमका ठिपका ओळखताना. मलाही हाच टप्पा सर्वांत जड गेला. ‘त्याची तबकडी दिसते’ किंवा ‘तो लुकलुकत नाही’ हे सल्ले सरळ बाजूला ठेवावेत. सुमारे ५२५ किलोमीटर व्यासाचा हा लघुग्रह पृथ्वीच्या अगदी जवळ असतानाही एका कोनीय सेकंदाहून (अंशाच्या ३६०० व्या भागाहून) लहान असतो, त्यामुळे द्विनेत्रीत तो ताऱ्यासारखाच बिंदू दिसतो. त्याला उघडे पाडते ती केवळ त्याची गती. जर्मन खगोलशास्त्रज्ञ हाइनरिश ओल्बर्स यांनी २९ मार्च १८०७ रोजी कन्या राशीत त्याचा शोध लावला, तोही आकाशाचे ठरावीक भाग पुन्हापुन्हा तपासूनच.

म्हणून नकाशातील जागेभोवतीच्या जेमतेम दोन अंशांचे रेखाटन करावे आणि त्यात दिसणारा प्रत्येक अंधुक तारा घ्यावा. पहिल्या रात्री सुटलेला तारा दुसऱ्या वेळी ‘नवा’ वाटतो आणि माणूस हमखास फसतो. दोन-तीन रात्रींनी त्याच जागेचे पुन्हा रेखाटन करावे. प्रतियुतीजवळ व्हेस्टा रोज सुमारे पाव अंश, म्हणजे चंद्रबिंबाच्या निम्म्या रुंदीइतका, पश्चिमेकडे सरकतो. जुनी जागा रिकामी झाली असेल आणि नवा ठिपका नकाशातील मार्गावरच असेल, तरच ओळख पक्की मानावी; यांपैकी एकाच खुणेवर मी कधीही विसंबत नाही. वक्री (पश्चिमेकडची उलटी) गती सुरू होताना किंवा संपताना तो जवळजवळ स्थिर भासतो, तेव्हा ही कसोटी लावूच नये.

लघुग्रहांच्या पट्ट्यातील सर्वांत मोठ्या सेरेससाठीही हीच पद्धत वापरावी, परंतु तो प्रतियुतीतही सातव्या प्रतीच्या आसपास असल्याने नकाशा नवव्या प्रतीपर्यंतचा घ्यावा.