मे महिन्यात शेतात वरण-बट्टी: या चुका टाळा

खान्देशात शेतातली पार्टी म्हटली की आठवते ती हिवाळ्यातली भरीत पार्टी. काड्यांच्या जाळावर भाजलेली वांगी, कळण्याची भाकरी, कांद्याची पात, अंगावर ऊबदार कपडे. उन्हाळ्याच्या सुट्टीत पुण्याहून, सुरतहून मंडळी गावी आली की तोच बेत जसाच्या तसा मे महिन्यात मांडला जातो, आणि बहुतेक घोटाळे तिथूनच सुरू होतात.

पहिली चूक भरताचाच हट्ट धरण्याची. बामणोद-भालोदकडची ती हिरवी-पांढरट, कमी बियांची वांगी थंडीत खरी रंगात असतात. उन्हाळ्यात हाती लागतात ती बऱ्याचदा बियांनी भरलेली, कडवट. त्यातली चांगली निवडून केलेली घोटलेली भाजी मात्र झकास होते, म्हणून या दिवसांत बेत वरण-बट्टीचा, म्हणजे जाडसर कणकेचे वाफवून तळलेले गोळे आणि तुरीचं वरण, असा ठेवावा. शिवाय पोळ्या लाटत कुणी चुलीपुढे भाजून निघत नाही. माहेरी आलेल्या लेकीबाळींनी सुट्टीत पुन्हा पोळपाट धरावा हे मला पटत नाही.

दुसरी चूक वेळेची. जळगाव-भुसावळचा पारा मेमध्ये पंचेचाळिशी गाठतो, आणि आपण निमंत्रण देतो दुपारी एकचं! सूर्य मावळतो सातच्या सुमारास. चूल साडेसहाला पेटवा, पंगत साडेआठला बसवा. बट्ट्या साडेचार-पाचला घरीच वाफवून, सुती कापडात झाकून शेतात न्या. तिथे फक्त तळायच्या, म्हणजे तळणारा नऊ वाजता अर्धमेला होत नाही.

बट्टी बिघडली तर

गहू जाडसर दळून आणायचा. गिरणीत ‘बट्टीचं’ म्हटलं की गिरणीवाल्याला पुढचं सांगावं लागत नाही. घरातलं पोळीचं बारीक पीठ वापरलं की बट्टी चिवट होते, मग लोक सोड्याला दोष देतात. त्यात थोडं मक्याचं पीठ, ओवा, हळद, मीठ. मोहन घालून पीठ मुठीत दाबा. मुटका धरून राहिला तर पुरे, भुरभुरला तर अजून तेल हवं. सोडा चिमूटभरच, आणि कणीक भिजवून तासन् तास ठेवू नका. या उन्हात ती आंबते.

तळताना बट्टी तेलात फुटते, त्याचं कारण बहुतेक वेळा घाई असतं. वाफवलेला गोळा गरम असतानाच कापला की सुरीला चिकटतो, कडा भुसभुशीत होतात आणि कढईत चुरा उरतो. पूर्ण गार होऊ द्या, मग कापा. सुरी स्वच्छ बाहेर आली की समजा जमलं. बाहेरून लाल आणि आतून पिठूळ राहिली तर तेल फार तापलंय. जाळ कमी करा, लाकडं बाहेर ओढा, मध्यम आचेवर तळा. आणि दगडासारखी झालीच तर फेकू नका. ताटात बारीक चुरा, वर कढत वरण ओता, तूप सोडा, दोन मिनिटं थांबा.

गोवऱ्यांच्या आरात भाजणार असाल तर ज्वाळा असताना बट्टी टाकायची नाही. धूर थांबून वर पांढरी राख धरेपर्यंत वाट बघायची. मुलं घाई करतातच, त्यांना कैऱ्या चिरायला बसवा.

अंदाज हवा असेल तर माणशी दीडशे ते दोनशे ग्रॅम पीठ आणि साठ-सत्तर ग्रॅम तुरीची डाळ धरा. वरण गार होताना घट्ट होतं, म्हणून शेजारच्या चुलीवर आधणाचं पाणी कायम असू द्या. ऐनवेळी माठातलं गार पाणी ओतलं की वरणाची चव जाते आणि ‘भो, हे वरण आहे का पाणी?’ असं ऐकावं लागतं.

भाजीचं एक सांगतो. हिरव्या मिरचीचा ठेचा घालण्याआधी लहान मुलांची आणि तिखट सोसत नाही अशांची भाजी वेगळी काढा. नंतर दाण्याचं कूट ओतून तिखटपणा मारायला गेलात की भाजीचं पिठलं होतं. वांगी चिरून मिठाच्या पाण्यात टाका. आतून काळपट, बियाळ दिसली ती सरळ गुरांना.

जागा आणि जाळ

चूल बांधावरच्या मोठ्या झाडाखाली मांडायचा मोह होतो. आधी मान वर करून फांद्या बघा. आग्या मोहोळ असेल आणि धूर वर गेला तर जेवण सोडून पळावं लागेल, आणि या माशांचा हल्ला जिवावर बेततो. केळीच्या बागेला खेटूनही चूल नको. सुकलेली पानं एका ठिणगीवर पेटतात आणि ठिबकच्या नळ्या नुसत्या धगीनेही वितळतात. कापूस काढलेलं मोकळं रान उत्तम, पण तिथल्या वाळक्या पऱ्हाट्या आधी लांब उचलून ठेवा. मेमधला वारा संध्याकाळी दिशा बदलू शकतो, म्हणून पाण्याच्या दोन भरलेल्या बादल्या चुलीजवळ हव्यातच.

विहीर आहे म्हणून पाण्याची काळजी नाही, हाही भ्रम. शेतीची थ्री फेज लाइट पाळीने येते. त्या दिवशी ती रात्रीची निघाली तर वीस-पंचवीस माणसं हात धुवायला रांगेत. दिवसाची पाळी असेल तेव्हाच टाकी भरून घ्या, पिण्याचं पाणी मात्र घरून न्या. दिवा कढईच्या डोक्यावर टांगू नका. सगळे किडे तेलात येतील. तो थोडा लांब, आणि अंधारात जाणाऱ्यांच्या हातात बॅटरी. विंचू-सापांचेही हेच दिवस आहेत.

आमरस, ताक, बर्फ

अनेक घरांत आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, पितरांना आमरसाचा नैवेद्य दाखवल्याशिवाय आंबा खात नाहीत. त्याआधी पार्टी असेल तर घरातल्या आजीला विचारूनच रस ठरवा, नाहीतर अर्धी पंगत वाटी बाजूला सारेल. रस शेतात नेताना दूध आधी मिसळू नका. इतक्या उष्णतेत दुधाचे, दह्याचे पदार्थ आणि शिजलेला भात तासाभराहून जास्त वेळ उघड्यावर राहू नयेत. रस बर्फाच्या पेटीत ठेवा आणि पंगत बसली की काढा.

तो बर्फ भांड्याला बाहेरून गार ठेवायला ठीक, ताकात टाकायला नाही. कारखान्यातली लादी बहुतेक वेळा खाण्याची नसते. महाराष्ट्रात अशा बर्फाला निळसर रंग देण्याचा नियम २०१८ मध्ये आला, पण पांढरा दिसला म्हणजे पिण्याचा, असं धरून चालू नका. ताकही रसाबरोबर बर्फाच्या पेटीत ठेवा, एवढ्यानं भागतं. ताक आणि पन्हं दोन्ही ठेवा. पाहुण्यांना आल्या आल्या पन्हं, जेवणाबरोबर ताक.

उरलेलं वरण आणि रस घरी आणून सकाळी खायच्या भानगडीत पडू नका. वाफवलेल्या बट्ट्यांतल्या थोड्या मात्र शेतात न नेता, गार झाल्या की घरीच फ्रीजमध्ये टाका. सकाळी पातळ काप करून तळा, तिखट-मीठ भुरभुरा आणि पाहुणे निघायच्या आधी चहाबरोबर द्या.