कुठलं पायथन चालतंय? नव्या लॅपटॉपवर कोडिंगचा सेटअप लावताना

कॉलेजं सुरू झाली की नात्यातल्या किंवा सोसायटीतल्या कुणाचा ना कुणाचा नवा लॅपटॉप माझ्याकडे येतो. मी सॉफ्टवेअरमध्ये नोकरीला, त्यामुळे ‘तेवढं कोडिंगचं सगळं टाकून द्या’ ही फर्माईश नेहमीची. मी टाकून देत नाही. शेजारी बसतो आणि ज्याचा लॅपटॉप त्यालाच टाकायला लावतो. दुसऱ्याने लावून दिलेला सेटअप पहिल्यांदा बिघडला की मुलं हातपाय गाळतात, कारण आपल्या मशीनवर काय कुठे बसलंय हेच त्यांना ठाऊक नसतं.

मशीनबद्दल थोडक्यात. शिकण्यासाठी 8 जीबी रॅम पुरते, 16 असली तर सुख. एसएसडी, म्हणजे हार्ड डिस्कपेक्षा जलद साठवण, मात्र हवीच. जुन्या लॅपटॉपमध्ये हार्ड डिस्क असेल तर नवा घेण्याआधी ती बदलून बघा.

विंडोज पहिल्यांदा सुरू करताना लोकल खातं बनवलं तर युजरचं नाव विचारलं जातं, तिथे घाई नको. त्याच नावाने युजर फोल्डर बनतो आणि पुढची बहुतेक साधनं त्याच्या आत जाऊन बसतात. नावात मोकळी जागा किंवा देवनागरी अक्षर असेल तर काही जुनी साधनं पुढे भलत्याच ठिकाणी अडतात, आणि फोल्डरचं नाव नंतर बदलणं ही कटकट आहे. छोटं, इंग्रजी लिपीतलं, सलग नाव द्या.

आता टर्बो सी++ चा विषय काढावाच लागतो. आपल्याकडच्या बऱ्याच कॉलेजांच्या लॅबमध्ये ती निळी स्क्रीन अजून भेटते. बोरलँड कंपनीचं हे सॉफ्टवेअर 1990 च्या सुमाराचं, डॉस या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालणारं. आजच्या 64 बिट विंडोजवर ते थेट चालत नाही, डॉसबॉक्ससारख्या, जुन्या मशीनचं सोंग आणणाऱ्या इम्युलेटरमध्ये चालवावं लागतं. सी++ भाषेचं पहिलं आंतरराष्ट्रीय मानक 1998 साली आलं, म्हणजे हा कंपायलर (लिहिलेला कोड मशीनला चालवता येईल असा करणारं सॉफ्टवेअर) त्याच्याही आधीचा. त्यामुळे लॅबमध्ये पाठ केलेलं ‘व्हॉइड मेन’ आणि ‘सीएलआरएससीआर’ अशा टर्बोच्या ओळी घेऊन मुलं जीसीसी या आजच्या कंपायलरकडे आली की एररची माळ लागते. प्रॅक्टिकलच्या मार्कांसाठी टर्बो ठेवा, नाइलाज आहे. शिकायचं ते जीसीसीवर.

पायथन ही भाषा शिकणाऱ्यांची गंमत वेगळी. पायथन टाकायच्या आधीच कमांड प्रॉम्प्टवर (विंडोजला लिहून हुकूम द्यायची खिडकी) ‘पायथन’ लिहून एंटर मारा: बहुतेक मशीनवर थेट मायक्रोसॉफ्ट स्टोअर उघडतं. त्या नावाची एक पोकळ फाइल विंडोजने आधीच ठेवलेली असते. मग मुलं स्टोअरमधून एक पायथन घेतात, अधिकृत साइटवरून दुसरं, यूट्यूबवर बघून ॲनाकोंडा या गठ्ठ्यातलं तिसरं. आणि नमपाय ही गणिताची लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, टाकली की प्रश्न येतो, ‘मामा, नमपाय टाकलंय तरी मॉड्यूल नॉट फाउंड का म्हणतंय?’ टाकलंय खरं, पण एका पायथनमध्ये, आणि चालतंय दुसरंच.

हे उलगडायला पाथ समजून घ्यावा लागतो. पाथ म्हणजे फोल्डरांची एक यादी. तुम्ही एखादी कमांड दिली की विंडोज ही यादी वरून खाली चाळतं आणि त्या नावाचा पहिला जो प्रोग्राम सापडेल तो चालवतं. बाकीचे असून नसल्यासारखे. पायथनच्या नेहमीच्या इन्स्टॉलरमध्ये पहिल्याच खिडकीत तळाशी ‘ॲड टू पाथ’ची चौकट असते. ती मुळात रिकामी असते, टिक करायची. नंतर उघडी टर्मिनलं (कमांड लिहायच्या खिडक्या) बंद करून नवं उघडायचं, कारण पाथ सुरुवातीलाच वाचला जातो. व्हीएस कोड या कोड लिहायच्या एडिटरच्या आतलं टर्मिनल वापरत असाल तर अख्खा व्हीएस कोड बंद करून उघडा.

मग ‘व्हेअर पायथन’ विचारा. पाथमध्ये जितकी पायथन तितक्या ओळी येतात, आणि चालतं ते सर्वांत वरचं. पॉवरशेल या विंडोजच्या दुसऱ्या कमांड खिडकीत नुसत्या ‘व्हेअर’चा अर्थ निराळा असल्याने हाती काही लागत नाही, तिथे ‘व्हेअर डॉट ईएक्सई’ असं पूर्ण लिहा. लिनक्सवर हेच काम ‘विच’ करतं. ही एक कमांड अंगवळणी पडली तर सेटअपची निम्मी भांडणं मिटतात, जावाची आणि जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या नोडचीसुद्धा. लायब्ररी टाकताना नुसतं ‘पिप’ न म्हणता ‘पायथन डॅश एम पिप’ म्हणा, म्हणजे जे पायथन चालणार आहे त्याच्याच पदरात ती पडते.

वेब किंवा बॅकएंडकडे (सर्व्हरवर चालणाऱ्या कोडकडे) जायचं असेल तर विंडोजमध्येच लिनक्स चालवणारं डब्ल्यूएसएल घ्या. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडलेल्या टर्मिनलमध्ये एक कमांड दिली की उबुंटू हे लिनक्स येतं. अडलंच तर टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स टॅबमध्ये व्हर्च्युअलायझेशन चालू आहे का बघा, नसेल तर बायोसमध्ये (लॅपटॉप सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) जाऊन चालू करा. पुढे पासवर्ड टाकताना स्क्रीनवर काहीच उमटत नाही, ठिपकेसुद्धा नाहीत. कीबोर्ड बिघडलेला नाही, टाइप करत राहा. सी आणि सी++ साठी ‘बिल्ड एसेन्शियल’ हे एकच पॅकेज घेतलं की जीसीसी आणि प्रोग्राम बांधून देणारं मेक दोन्ही येतात.

प्रोजेक्ट मात्र उबुंटूच्या होम फोल्डरमध्येच ठेवा. सी ड्राइव्हवरच्या फाइली लिनक्समधून उघडल्या तर प्रत्येक वाचन दोन व्यवस्थांच्या सीमेवरून जातं आणि काम रेंगाळतं. विंडोजवरच काम करणार असाल तर डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स टाळा. ते बरेचदा वनड्राइव्ह या मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन साठवणीशी जोडलेले असतात, आणि नोडच्या एका प्रोजेक्टमधल्या हजारो चिल्लर फाइली वनड्राइव्ह इमानेइतबारे अपलोड करत बसतं.

नव्या उबुंटूमध्ये थेट पिप चालवलं तर ‘एक्स्टर्नली मॅनेज्ड एन्व्हायर्नमेंट’ म्हणून नकार मिळतो. त्यावर इंटरनेटवर ‘ब्रेक सिस्टिम पॅकेजेस’ हा पर्याय लावायचा सल्ला सर्रास दिसतो. तो घेऊ नका, उबुंटूची स्वतःची कामं त्या पायथनवर चालतात. प्रत्येक प्रोजेक्टला वेगळं व्हेन्व्ह, म्हणजे लायब्रऱ्यांचा स्वतंत्र कप्पा, करा. उबुंटूवर त्याचं पॅकेज आधी वेगळं टाकावं लागतं.

कोडमधल्या बदलांचा इतिहास जपणारं गिट पहिल्या दिवसापासून. नाव आणि ईमेल सुरुवातीलाच भरा, पहिल्या कमिटला, म्हणजे बदलांची नोंद करताना, ते लागतं. गिटचे प्रोजेक्ट ऑनलाइन ठेवणाऱ्या गिटहबने ऑगस्ट 2021 पासून कमांड लाइनवर खात्याचा पासवर्ड घेणं बंद केलंय, त्यामुळे जुने व्हिडिओ बघून तो टाकत बसू नका. त्याऐवजी एसएसएच की, म्हणजे पब्लिक आणि प्रायव्हेट अशा फाइलींची जोडी, बनवा, पब्लिक असलेली तेवढीच गिटहबवर चढवा. पासवर्ड आणि एपीआय की (बाहेरच्या सेवा वापरायच्या गुप्त किल्ल्या) ज्या फाइलीत असतील तिचं नाव पहिल्या कमिटच्या आधी गिटइग्नोरमध्ये, म्हणजे गिटने वगळायच्या यादीत, गेलं पाहिजे. एकदा कमिट झालेली एपीआय की नंतर पुसली तरी इतिहासात राहते. ती रद्द करून नवीच घ्यावी लागते.

व्हीएस कोडच्या एक्स्टेन्शनांचा, म्हणजे जोडसाधनांचा, मोह सुरुवातीला आवरा. भाषेचं एक आणि डब्ल्यूएसएलचं एक, बास. थीम नंतर बदला.

आणि अडलात तर जरूर विचारा, फक्त स्क्रीनचा मोबाइलने काढलेला तिरका फोटो पाठवू नका. एररचा मजकूर कॉपी करून पाठवा, तोही अख्खा. पायथनमध्ये खरं कारण सहसा शेवटच्या ओळीत असतं, सी++ मध्ये पहिल्या एररपासून वाचायला घ्यावं. सोबत कोणती कमांड कुठल्या फोल्डरमधून दिली ते लिहा आणि ‘व्हेअर’चं उत्तर जोडा.