वाफेचं मशीन की नेब्युलायझर? घेताना आणि वापरताना या चुका टाळा

पावसाळा लागला की मेडिकलच्या काउंटरवर ठरलेली मागणी सुरू होते, "वाफेचं मशीन द्या." कुणाला त्यात पाणी तापवून वाफ देणारा साधा व्हेपोरायझर अपेक्षित असतो, कुणाला औषधाचं धुकं करणारा नेब्युलायझर, आणि चुकीचा खोका घरी गेला की तो चुकीचाच वापरला जातो.

अडचण नाकात आहे की छातीत, हे आधी बघा. नाक चोंदलंय, डोकं जड झालंय, तर वाफ घ्या. शेंबूड सैल होतो, तासभर मोकळं वाटतं. तिचं काम एवढंच. श्वासनलिका आवळून छातीत सूं-सूं वाजत असेल, तर वाफ ती उघडत नाही. काही दमेकऱ्यांचा खोकला उलट वाढतो. नेब्युलायझर पाणी तापवतच नाही. तो औषधाचे साधारण 1 ते 5 मायक्रॉनचे कण करतो, म्हणून ते फुफ्फुसात खोल जातात.

आणि म्हणूनच त्याच्या औषधाच्या कपात काय घालता याला फार महत्त्व. निलगिरीचं तेल, बाम, वाफेच्या कॅप्सूलमधलं औषध, घरचा काढा असं काहीही त्यात घालू नका. तेलाचे कण फुफ्फुसात बसले तर न्यूमोनिया होऊ शकतो. नळाचं पाणीही नको. डॉक्टरांनी लिहिलेली रेस्प्यूल (औषधाची छोटी प्लास्टिकची कुपी) आणि सांगितलं असेल तर निर्जंतुक सलाईन, बस्स. थोरल्याची उरलेली रेस्प्यूल धाकट्याला साध्या सर्दीसाठी देणं हीही नेहमीची चूक. श्वासनलिका उघडणाऱ्या लेव्होसाल्ब्युटामॉलनं छातीत धडधडतं, हात थरथरतात. ब्युडेसोनाइड तर स्टेरॉइड आहे.

आवाज नको म्हणून काही जण अल्ट्रासॉनिक, म्हणजे ध्वनिलहरींनी धुकं करणारा, नेब्युलायझर घेतात. ब्युडेसोनाइड त्यात नीट उडत नाही. घरी कायम वापरायचं असेल तर हवेच्या दाबावर चालणारा, घरघरणारा कॉम्प्रेसरवालाच बरा. बारीक जाळीतून औषध उडवणारा मेश प्रकार शांत आणि प्रवासाला सोयीचा, पण जाळी तुंबते.

"धूर कमी येतोय, मशीन बिघडलं" ही तक्रार घेऊन आलेल्यांना मी आधी कप उघडायला लावतो. आत एक इवलासा प्लास्टिकचा तुकडा असतो. धुताना तो सिंकमध्ये जातो किंवा परत बसवायचा राहतो, आणि त्याच्याशिवाय धुकं तयारच होत नाही. तो जागेवर असेल तर नोझलचं छिद्र आणि काळा पडलेला फिल्टर तपासा. दर वेळी कप आणि मास्क धुऊन उघड्यावर सुकवा. नळी मात्र धुऊ नका, आत पाणी राहतं. मास्क चेहऱ्याला टेकलेला हवा. मूल रडतं म्हणून लांबून फवारा मारला तर बरंचसं औषध हवेत जातं. ब्युडेसोनाइडनंतर चूळ भरायची, चेहरा पुसायचा.

व्हेपोरायझरचं दुखणं वेगळंच. इलेक्ट्रोडवाल्या (पाण्यातून वीज सोडून ते तापवणाऱ्या) मशीनमध्ये आरओचं पाणी घातलं तर वाफ जेमतेम येते, कारण त्या पाण्यात क्षार फारच कमी असतात. साधं पाणी घाला. बटण चालू असताना त्या पाण्यातून वीज वाहते, तेव्हा बोट घालू नका. लहान मुलांना तर वाफेपासून लांबच ठेवा. भांडं कलंडून भाजल्याच्या घटना होतात, आणि तान्ह्याला सलाईनचे थेंब पुरतात. दोन वर्षांखालच्या मुलांना कापूर असलेला बामही नको.

खोलीतली हवा दमट करणाऱ्या ह्युमिडिफायरबद्दल माझं मत स्पष्ट आहे, मुंबई-कोकणात पावसाळ्यात तो घेऊच नये. दमट खोलीत बुरशी आणि धुळीतले किडे वाढतात, दमेकऱ्याला तेच बाधतं.

2021 च्या कोरोना लाटेत नेब्युलायझर ऑक्सिजन सिलिंडरचं काम करतो, असा एक व्हिडिओ फिरला होता. तो खोटा होता. ओठ निळसर पडले, बरगड्यांमधली जागा आत ओढली जाऊ लागली, वाक्य पूर्ण बोलता येईना, तर मशीन शोधत बसू नका, रुग्णालय गाठा.

राहिला पंप, म्हणजे इन्हेलर. "त्याची सवय लागते" म्हणून लोक तो नाकारतात आणि तीच औषधं नेब्युलायझरनं घेतात! स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी) लावून नीट घेतलेला पंप सौम्य ते मध्यम झटक्यात नेब्युलायझरइतकाच उपयोगी पडतो, खिशात मावतो आणि लाइट गेली तरी चालतो. मशीनवर पैसे घालण्याआधी स्पेसर चालेल का, हे डॉक्टरांना विचारा.