आजोबांचं रिव्हॉल्व्हर नक्की कुठल्या सालचं? नंबरावरून कसं शोधायचं

आमच्या गिरगावच्या काकूच्या घरात एक गोष्ट वर्षानुवर्षं चालत आलेली, की घरातलं रिव्हॉल्व्हर १९१० साली एका गोऱ्या साहेबाने खुश होऊन पणजोबांना दिलं. काका गेले तेव्हा ते फोर्टातल्या एका लायसन्सवाल्या डीलरकडे जमा केलं, आणि तिथे काउंटरवर मी ते पहिल्यांदा नीट हातात घेऊन बघितलं. मुठीच्या बुडाला दोरी अडकवायची कडी आणि कडीच्या बाजूला इंग्रजी व्ही अक्षर, पुढे सहा आकडे. साहेब तिथल्या तिथे बाद! काकू म्हणाली, अरे मग इतकी वर्षं कोणाचं कौतुक ऐकत होते मी.

तर हे व्ही प्रकरण काय ते सांगतो, पण आधी एक. लायसन्सधारक किंवा डीलर समोर असतानाच वस्तू बघायची, आणि सिलिंडर उघडून आतली सगळी घरं रिकामी आहेत हे स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय बाकी काही करायचं नाही, "अरे रिकामंच आहे" यावर विश्वास ठेवायचा नाही.

लोकांची पहिली चूक म्हणजे नंबर दिसला की लगेच गुगल. पण कुठला नंबर? एका रिव्हॉल्व्हरवर तीन-चार ठिकाणी आकडे असतात आणि सगळे सिरियल नंबर नसतात. स्मिथ अँड वेसन या अमेरिकन कंपनीच्या जुन्या मालावर खरा नंबर मुठीच्या बुडाला असतो. सिलिंडर बाजूला उघडला की तो ज्या हातावर झुलतो त्याच्या खाचेत पण एक नंबर दिसतो, तो बऱ्याचदा फक्त कारखान्यातला जुळणीचा नंबर, म्हणजे हे सुटे भाग एकाच वस्तूचे आहेत हे कामगाराला कळावं म्हणून मारलेला. आणि कोल्ट या दुसऱ्या अमेरिकन कंपनीचं बरोब्बर उलटं, पोलीस पॉझिटिव्हसारख्या त्यांच्या डबल ॲक्शन (चाप ओढला की घोडा आपोआप मागे जाऊन आपटतो अशा) रिव्हॉल्व्हरचा खरा सिरियल नंबर त्या खाचेतच असतो. आमच्याकडे तर खरेदीच्या जुन्या पावतीवर दुकानदाराने खाचेतलाच नंबर लिहून ठेवलेला, त्यामुळे कागद आणि वस्तू जुळेना आणि निस्तरताना काकूच्या नाकी नऊ आले.

दुसरी चूक पेटंटच्या तारखा. कोल्टच्या नळीवर १८८४, १९००, १९०५ अशा तारखा कोरलेल्या असतात आणि लोक छातीठोकपणे सांगतात की आमचं १९०५ चं आहे. नाही हो, ती पेटंट मिळाल्याची तारीख, माल त्यानंतर कितीतरी वर्षं तोच शिक्का मारून निघत होता. त्यावरून एवढंच कळतं की वस्तू १९०५ च्या आधीची नाही.

तिसरी, नळीवर "थर्टी-एट स्मिथ अँड वेसन" वाचलं म्हणजे कंपनी तीच असं नाही, ते काडतुसाचं नाव असू शकतं. स्पेनच्या एइबार गावात असल्या हुबेहूब नकला ढिगाने बनायच्या. अंडाकृती शिक्क्यात इएलजी दिसलं तर बेल्जियमच्या लिएज गावात नळीची चाचणी झालेली, आणि वर मुकुट असेल तर १८९३ किंवा नंतरची.

आता व्ही. स्मिथ अँड वेसनच्या मिलिटरी अँड पोलीस मॉडेलचे नंबर १८९९ पासून १ वरून चढत गेले आणि १९४२ मध्ये दहा लाखांवर पोचले, मग व्ही लावून परत १ पासून सुरुवात केली, व्ही म्हणजे व्हिक्टरी. म्हणजे व्ही दिसला की महायुद्ध, वाद नाही. मंद काळपट फिनिश, साधी गुळगुळीत लाकडी मूठ, आणि ब्रिटिशांसाठी बनलेल्यांची नळी बहुतेक ५ इंची. १९४४ च्या शेवटी हातातून पडलेल्या एका रिव्हॉल्व्हरमधून गोळी सुटून एक नौसैनिक गेला, त्यानंतर घोड्याला (काडतुसावर आपटणाऱ्या भागाला) नवीन सेफ्टी बसवली आणि व्हीच्या आधी एस आला. युद्धानंतर नुसता एस, १९४८ पासून सी, आणि १९५७ पासून खाचेत मॉडेल नंबरच मारायला लागले, मग काम सोपं.

कोल्टमध्ये आधी मॉडेल ठरवा आणि मगच नंबर बघा, कारण प्रत्येक मॉडेलची मालिका वेगळी, तोच आकडा दोन मॉडेलवर दोन वेगळी सालं सांगतो. सिंगल ॲक्शन आर्मी १८७३ ला १ पासून सुरू झालं, १,९२,००० च्या आसपास १९०० साल येतं, आणि १९५६ ला परत सुरू केलं तेव्हा नंबराच्या मागे एसए लावलं.

आपल्याकडे वेबली या ब्रिटिश कंपनीची जास्त सापडतात आणि त्यांच्यात नंबरापेक्षा शिक्के जास्त बोलतात. त्यांचं मार्क सहा मॉडेल १९१५ ला आलं, .४५५ बोअर (म्हणजे काडतुसाचं माप), फ्रेमच्या डाव्या बाजूला बऱ्याचदा सालच असतं. .३८ च्या मार्क चारवर "वॉर फिनिश" असेल तर दुसरं महायुद्ध. बाणाचा शिक्का म्हणजे सरकारी माल, आणि दोन बाण टोकाला टोक लावून समोरासमोर असतील तर सरकारने तो विकून टाकलेला. एनफिल्ड नंबर दोन या ब्रिटिश लष्करी रिव्हॉल्व्हरवर तर उजवीकडे साल सरळ लिहिलेलंच असतं, डोकं चालवायलाच नको.

वाचायचं कसं? मोबाइलचा टॉर्च एकदम आडवा धरा, समोरून मारला तर नुसती चकाकी येते. आकडे झिजले असतील तर पांढरा खडू चोळून वरून हलकं पुसा, खाचेत पांढरं राहतं आणि ३ आहे का ८ ते कळतं. सॅंडपेपर, ब्रासो, तारेचा ब्रश अजिबात नको, किंमत जाते ते सोडाच, आर्म्स ॲक्ट १९५९ च्या कलम ८ प्रमाणे नंबर खोडायला किंवा बदलायला बंदी आहे, तुम्ही साफ करत होतात हे नंतर कोणाला पटवणार? मग नळी, सिलिंडर, मूठ सगळीकडचे नंबर जसेच्या तसे, अक्षरासकट, वहीत लिहा, सिलिंडरचा वेगळा निघाला तर तो नंतर बदललेला असू शकतो.

आणि ग्रुपवर फोटो टाकताना शेवटचे तीन आकडे बोटाने झाका, साल तेवढ्यावरही सांगता येतं.